जुने भिंग

माणसाला एखादा तरी निरुपयोगी नाद असावा, असे माझे फार दिवसांचे मत आहे. घरात मात्र मी ते मोठ्याने बोलून दाखवत नाही. माझा नाद नुसताच निरुपयोगी असता, तर एखादे वेळी खपूनही गेला असता. पण तो खर्चिक आहे, जागा अडवणारा आहे, आणि वर त्याला पावसाळ्यात बुरशी येते. मी जुने कॅमेरे जमवतो.

'जमवतो' हा शब्द जरा मोठाच झाला म्हणा. मुंबईच्या दिलीश पारेख यांच्या संग्रही ४,४२५ कॅमेरे असल्याची नोंद २००३ साली गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकात झाली होती. माझ्याकडे आहेत सात. त्यांतले चार चालतात, दोन मर्जी असेल तेव्हा चालतात, आणि एक नुसताच देखणा आहे. पण सात झाले तरी त्यांना एक कपाट लागतेच. ते कपाट सासऱ्यांनी लग्नात दिलेले, आणि साड्यांसाठी दिलेले! आता साड्या पलंगाखालच्या पेटीत गेल्या आहेत. यावर आमच्या घरी जे बोलणे होते, ते इथे देण्याची गरज नाही. ज्यांना नाद आहे त्यांना ते पाठ असेल, आणि ज्यांना नाही त्यांना सांगून पटणार नाही.

सुरुवात झाली ती वर्ध्याच्या एका भंगारवाल्याच्या दुकानात. घरचा मोडका नळ विकायला गेलो होतो. पितळेच्या ढिगात तोट्या, समयांचे तुकडे, एक फुटका अडकित्ता, आणि त्या साऱ्यांच्या मधोमध एक काळा डबा माझ्याकडे एका डोळ्याने बघत पडला होता. आगफा क्लिक थ्री! बडोद्याला बनलेला, एके काळी आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत भिंतीवरच्या घड्याळाइतकाच ओळखीचा असलेला कॅमेरा. आमच्याही घरी एक होता. शेजारच्यांनी तो तिरुपतीला जाताना मागून नेला. ते परत आले, प्रसादाचा लाडूही आला. कॅमेरा मात्र बालाजीचरणीच राहिला असावा. वडिलांनी पुढे कधी त्याची चौकशी केली नाही. मला मात्र तो चामड्याच्या खोळीचा वास तीस वर्षे आठवत होता.

"ह्यात पितळ नाही, गुरुजी," भंगारवाला म्हणाला, "घेऊन जा पन्नास रुपयांत." मी नळाचे पैसे त्यात वळते केले. घरी सांगितले, की नळाला फारसा भाव आला नाही.

या क्लिक थ्रीत बिघडण्यासारखे काही नसते, कारण त्यात मुळी काही नसतेच. पुढे एक साधे भिंग, एक खटका, उजेडासाठी एक छोटी दांडी: ऊन असेल तर इकडे, ढग असेल तर तिकडे. आत १२० क्रमांकाचा रोल बसतो. त्यावर सहा सेंटिमीटरच्या चौकोनात बारा चित्रे निघतात. मागे एक तांबडी काचेची खिडकी असते. चावी फिरवावी तसा रोलच्या कागदावर छापलेला आकडा त्या खिडकीत हळूहळू उगवतो. चावी फिरवायला विसरलात, तर एका चित्रावर दुसरे चित्र बसते आणि तुमच्या मेव्हण्याच्या पोटातून आगगाडी निघते. कॅमेरा तुम्हाला थांबवत नाही. ती जबाबदारी तुमची.

शाळेच्या स्नेहसंमेलनात मी तो घेऊन गेलो, तेव्हाची गंमत सांगण्यासारखी आहे. पाचवीच्या मुलांना रांगेत उभे केले आणि खटका दाबला. 'टक्' असा आवाज झाला मात्र, सगळी रांग मोडून माझ्या पाठीशी गोळा झाली. एक जण कॅमेऱ्याच्या पाठीवर बोट फिरवत म्हणाला, "सर, फोटो कुठी आला?" मी सांगितले, आत आहे. "मंग दाखवा ना!" मी सांगितले, अजून आठ फोटो काढायचे आहेत, मग रात्री अंधारात तो रोल औषधात बुडवायचा, धुवायचा, वाळवायचा, आणि मग. त्यांनी एकमेकांकडे असे पाहिले, की सरांनी काहीतरी थाप मारली असून ती धड जमलेली नाही. पण पुढे तीन आठवडे रोज सकाळी कोणी ना कोणी विचारी, "सर, आमचा फोटो झाला काय?" आजकाल मुलांचे फोटो दिवसाला दहा निघत असतील, पण तीन आठवडे वाट पाहिलेला तो एकच.

रोल आता सुखासुखी मिळत नाहीत. उटकमंडला १९६०मध्ये स्थापन झालेला हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना 'इंदू' नावाची फिल्म काढीत असे. तोही बंद पडला. आता रोल परदेशातून येतो आणि एका रोलमागे सात-आठशे रुपये मोजावे लागतात. म्हणजे एका चित्राला साठ-सत्तर रुपये, औषधे वेगळी. शिवाय ही औषधे साधारण वीस अंश उष्णतेवर काम करणारी. मे महिन्यात आमच्याकडे नळाला येते ते पाणी अंघोळीलाही अंमळ गरमच असते. म्हणून बर्फ आणावा लागतो. मध्यरात्री न्हाणीघराच्या दाराच्या फटी चिंध्यांनी बुजवून, बर्फाच्या परातीत डबी बुडवून, घाम पुसत मिनिटे मोजणारा मनुष्य पाहिला, की त्याला नाद आहे की काही बाधा झाली आहे, असा प्रश्न कोणालाही पडेल.

माझा दुसरा कॅमेरा याशिका-मॅट. तो ज्यांच्याकडून घेतला, त्यांना मी या विद्येतले गुरू मानतो. आर्वीला त्यांचा स्टुडिओ होता. मागे रंगवलेला पडदा, त्यात जिना, कमान आणि दूरवर एक तळे. आर्वीतल्या दोन पिढ्यांच्या सुनांची छायाचित्रे त्या तळ्याकाठी निघाली. पुढे धंदा बसला, दुकानाचे शटर ओढले गेले, आणि याशिका टेबलाच्या खणात पडून राहिला. हा दोन डोळ्यांचा कॅमेरा, एकावर एक दोन भिंगे असलेला. वरच्या भिंगातून आपण पाहायचे, खालच्यातून चित्र निघायचे. छातीशी धरून, मान खाली घालून वरच्या दुधी काचेत बघायचे असते. तीत जग दिसते ते सुलटे, पण डाव्याचे उजवे झालेले. माणूस डावीकडे सरकला की आपल्या काचेत उजवीकडे पळतो. सवय होईपर्यंत फजिती फार होते.

कॅमेरा हातात देण्यापूर्वी म्हाताऱ्यांनी मला भिंग तपासायला शिकवले. मागचे झाकण उघडायचे, खटका उघडा ठेवायचा, आणि एका बाजूने विजेरी धरून तिरके बघायचे. सरळ पाहिले तर सगळीच भिंगे स्वच्छ दिसतात. तिरक्या उजेडात मात्र त्यांचे सारे आयुष्य दिसते. धूळ दिसते, धोतराच्या सोग्याने पुसल्याचे ओरखडे दिसतात, दोन काचा चिकटवणारा राळेचा थर सुटला असेल तर इंद्रधनुष्यासारखी कड दिसते. आणि बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे, कडेपासून मध्याकडे निघालेले. हवेतला ओलावा साठ-पासष्ट टक्क्यांवर बरेच दिवस राहिला, की बुरशी काचेवरही वाढते. तिच्यातून पाझरणारे आम्ल काचेवरचा लेप खाते. लवकर ध्यानात आले तर पुसून निघते. उशीर झाला तर बुरशी जाते, पण तिची नक्षी काचेत राहते.

"रोज वापरत जा," म्हातारे म्हणाले, "ठेवलेलं भिंगच आंधळं होतं."

मी त्या विद्येत इतका तरबेज झालो, की नागपूरच्या जुन्या बाजारात एखादे भिंग उचलून आभाळाकडे धरले, की दुकानदार आपण होऊन भाव उतरवू लागे. घरी प्लास्टिकचे हवाबंद डबे आणले, त्यांत ओलावा शोषणाऱ्या खड्यांच्या पुड्या घातल्या. पावसाळाभर दर रविवारी दुपारी मी सातही कॅमेरे काढून, एकेकाच्या डोळ्यात विजेरी धरून बसत असे. आई समोर तांदूळ निवडत बसलेली असे.

एका भिंगाची हकीकत सांगायलाच हवी. ते जपानी ताकुमार. १९६०च्या दशकातल्या या जातीच्या काही भिंगांच्या काचेत थोरियम मिसळलेले असे. त्याने काचेची प्रकाश वळवण्याची शक्ती वाढते. पण थोरियम किंचित किरणोत्सर्गी असल्यामुळे वर्षे लोटली की काच चहाच्या रंगाची पिवळी पडते. (हे वाक्य मी घरी कोणाला सांगितलेले नाही; अंक घरी येईल तेव्हा पाहू.) यावर उपाय एकच, कडक ऊन. काही दिवस उन्हात ठेवले, की पिवळेपणा उतरतो. विलायतेतले लोक यासाठी म्हणे खास दिवे विकत आणतात. वर्ध्यात उन्हासाठी पैसे मोजायचे म्हणजे समुद्रकिनारी मीठ विकत घेण्यासारखे झाले! मी ते भिंग एप्रिलमध्ये गच्चीवर, आईच्या कुरड्यांच्या शेजारी, एका वाटीच्या काठाला तिरके टेकवून ठेवले.

"हे कायचं वाळवण टाकलं रे?" आईने विचारले.

मी सांगितले, भिंग पिवळे पडले आहे, उन्हाने उतरेल.

ती म्हणाली, "मलेही बसव मंग त्याच्या बाजूले. मलेही सारं पिवळंच दिसते."

आम्ही दोघेही हसलो. तासाभराने वर गेलो तो भिंगाखालच्या जुन्या लुगड्याला धुराची बारीक रेघ सुटलेली. भिंगाने आपला धर्म पाळला होता. रुपयाएवढे भोक पडले होते. कुरड्या वाचल्या. त्या भोकाची चर्चा घरात आठवडाभर चालली, आणि आईचे वाक्य त्या धुरात विरून गेले. ते मला आठवले फार पुढे.

आता थोडे सेवाग्रामविषयी. वर्ध्यात राहून कॅमेऱ्यावर लिहायचे आणि तिकडे जायचे नाही, असे होणार नाही. आमच्यापासून जेमतेम आठ किलोमीटर. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी तिथे, म्हणजे तेव्हाच्या सेगावला, राहायला आले. त्यांच्या कचेरीच्या कामात त्यांचा चुलतनातू कनू गांधी होता. १९१७चा जन्म, म्हणजे ऐन विशीतला पोरगा. त्याला छायाचित्रे काढण्याची हौस. कॅमेरा घ्यायचा तर आश्रमाकडे पैसे नाहीत. घनश्यामदास बिर्लांनी १०० रुपये दिले, आणि त्यातून रोलायफ्लेक्स आला. जर्मनीच्या ब्राउनश्वाइग शहरातला हा कॅमेरा १९२९ साली निघालेला. माझा याशिका त्याचीच गरिबाघरची नक्कल. गांधीजींनी कनूला मुभा दिली, पण तीन अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही, 'जरा इकडे बघा' म्हणायचे नाही, आणि आश्रम या छंदाला पैसा देणार नाही.

मला या अटींचे नेहमी नवल वाटत आले आहे. दुसऱ्या कोणाला त्या जाचक वाटल्या असत्या. कनूची सगळी चित्रे त्या अटींतूनच जन्मली. मातीच्या खोलीत दारातून येईल तेवढाच उजेड. समोरचा माणूस आपल्याकडे बघणार नाही, तेव्हा आपणच त्याच्याकडे बघत थांबायचे. आणि पदरचे पैसे, म्हणजे रोलचा प्रत्येक चौकोन मोलाचा. शिवाय रोलायफ्लेक्स धरायचा तर मान खाली घालावी लागते. ज्याचे चित्र काढायचे त्याच्यापुढे वाकल्यासारखे उभे राहायचे, हे त्या यंत्राच्या घडणीतच आहे. पुढे १९४६ मध्ये मार्गारेट बर्क-व्हाइट ही अमेरिकन बाई 'लाइफ' साप्ताहिकासाठी पुण्यात आली, तेव्हा तिला आधी सूत कातायला शिकावे लागले, आणि फ्लॅशचे मोजून तीन बल्ब मंजूर झाले. दोन वाया गेले, तिसऱ्याने काम केले. चरख्यामागचे ते चित्र जगभर गेले. कनूची चित्रे मात्र पुष्कळ काळ अंधारातच होती. दिल्लीच्या नजर फाउंडेशनने २०१५ साली त्यांचे पुस्तक काढले, तेव्हा कित्येकांना हा माणूस प्रथम कळला. त्यालाही सगळेच टिपता आले असे नाही. १९४४मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांच्या अखेरच्या घटकांचे चित्र काढायला गांधीजींनी त्याला नकार दिला. आणि ३० जानेवारी १९४८ला तो होता दूर नोआखालीत.

मी अनेकदा सकाळी सायकलीने बापूकुटीकडे जातो. कुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबेननी उठावात काढलेली ताडाची झाडे आहेत. दुपारी गेलात तर भिंत नुसतीच भिंत दिसते. सकाळचे तिरके ऊन आले, की झाडे उभी राहतात. तिथे बसून मी स्वतःला कनूच्या तीन अटी घालून घेतल्या. तिसरी तर आमच्या घरी आधीपासूनच लागू होती.

आणि त्या अटींवर मी पहिले चित्र काढले ते आईचे.

श्रावणातली सकाळ होती. पाऊस उघडला होता. आई उंबऱ्याशी अगदी दाराला लागून सूप घेऊन बसली होती. दारातला उजेड तिच्या डाव्या गालावर, सुपावर आणि हातांवर पडला होता. पूर्वी ती स्वयंपाकघरात, चुलीच्या जागी बसून तांदूळ निवडत असे. मग माजघरात आली, आणि आता काही महिन्यांपासून दारात. मला त्याचा आनंदच झाला होता. घरात एवढा सुंदर उजेड दुसऱ्या कुठल्या जागी नव्हता. ती सुपाकडे बघतही नव्हती. बोटे तांदळावरून फिरत होती, खडा लागला की थांबत होती, आणि नजर समोर कुठेतरी अंगणापलीकडे लागलेली. चेहऱ्यावर अशी विलक्षण शांती, की मी श्वास रोखून याशिका काढला.

दुधी काचेवर तिचा चेहरा आला. वरचे छोटे भिंग उघडून मी तो डोळ्यावर बारीक केला, कारण चेहऱ्याचे चित्र डोळ्यावरच साधायचे असते. डोळ्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका दिसला. धूळ! मी खिशातून मऊ फडके काढून काच पुसली. ठिपका तसाच. काचेच्या आतल्या बाजूला असेल, असे म्हणून मी सोडून दिले.

"फोटो काढते काय रे? पदर तं घेऊ दे," ती म्हणाली. तोवर खटका दाबून झाला होता.

चित्र उत्तम आले. अंधाऱ्या न्हाणीघरात, औषधाच्या ताटलीत, कोऱ्या कागदावर आईचा चेहरा उगवताना पाहिला, तेव्हा मला जे वाटले ते कादंबरी छापून आली तेव्हाही वाटले नव्हते. आठ इंची चौकोनी प्रत काढली. 'चिंतन' असे नावही मनाशी ठरवून टाकले. नागपूरच्या एका प्रदर्शनात पाठवावे असा विचार होता. फक्त तो ठिपका. मोठ्या प्रतीत तो आणखीच डोळ्यावर येत होता. निगेटिव्हवर ओरखडा असावा. शिसपेन्सिलीने निगेटिव्हवरचे डाग झाकण्याची कला आर्वीच्या म्हाताऱ्यांच्या हातात होती. चाळीस वर्षे त्यांनी लोकांच्या चेहऱ्यांवरचे देवीचे व्रण भरले होते. रविवारी एस.टी.ने आर्वी गाठली.

त्यांनी चित्र खिडकीशी नेले. बराच वेळ बघितले. मला वाटले, आता शाबासकी मिळणार. मग त्यांनी निगेटिव्ह मागून घेतली, डोळ्याला भिंग लावून ती उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा धरली.

"गुरुजी, हा डाग फिल्मवर नाही."

"मग भिंगात असेल," मी म्हणालो. "पण मी दर आठवड्याला तपासतो."

"भिंगातही नाही," ते म्हणाले. "आईच्या डोळ्यात आहे. हा मोतीबिंदू पिकलेला आहे."

नंतर त्यांनी चहा सांगितला. तो मी घेतला असावा. परतीच्या एस.टी.त चित्र मांडीवर होते, आणि प्रत्येक थांब्यावर मला एकेक गोष्ट आठवत होती. चहा ओतताना कपाबाहेर सांडायचा, तेव्हा मी म्हणालो होतो, हात कापतो का ग? सुई ओवायला नातीला हाक मारायची, तेव्हा वाटले होते, नातीचे लाड. दिव्याभोवती खळे दिसते, असे ती एकदा म्हणाली. त्यावर मी तिला जुन्या भिंगांत उजेड कसा पसरतो, हे पाच मिनिटे समजावून सांगितले होते! आणि ते दार. स्वयंपाकघरातून माजघर, माजघरातून उंबरठा. ती उजेडाच्या मागे मागे घराबाहेर येत चालली होती, आणि मी त्या उजेडाची तारीफ करत होतो. ती सुपाकडे बघत नव्हती, कारण बघून उपयोग नव्हता. बोटांनी निवडत होती. त्याला मी चिंतन म्हणालो.

घरी पोहोचलो तो रात्र झाली होती. मी विजेरी घेतली. "वर बघ," म्हणालो. रविवारी भिंगांत धरतो तशी तिरकी धरली. डाव्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरे आभाळ भरून आले होते. उजव्यात नुकते कुठे भरू लागले होते.

"सांगितलं काहून नाही?" मी जवळजवळ ओरडलोच.

"काय सांगू? दुसऱ्यानं दिसत होतं ना," ती म्हणाली. मग जरा थांबून, "तूही कामातच राहत होता."

कामात! तिने माझ्या नादाला काम म्हटले, आणि तेही समजून घेण्याच्या सुरात. टोमणा मारला असता तर बरे वाटले असते.

शस्त्रक्रिया मार्गशीर्षात झाली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई बोलक्या होत्या. त्यांनी मला आत बसवणार ते भिंग डबीतच दाखवले. मसुराच्या डाळीपेक्षा जरासे मोठे, घडी होणारे. या भिंगांची सुरुवात लंडनच्या हॅरोल्ड रिडली या डॉक्टराने १९४९ साली केली. महायुद्धात विमानांच्या काचा फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत त्यांचे कण रुतले होते. त्या काचा म्हणजे एक प्रकारचे प्लास्टिक, आणि डोळा ते कण मुकाट सोसतो असे रिडलीच्या ध्यानात आले. मग त्याने त्याच जातीच्या प्लास्टिकचे भिंग घडवले. सुरुवातीला त्याच्या व्यवसायबंधूंनी त्याला वेड्यात काढले होते. आईच्या कार्डावर त्या भिंगाची चिठ्ठी चिकटवून मिळाली. भिंगाची शक्ती, अनुक्रमांक, सारे काही छापील. माझ्या कपाटातल्या एकाही भिंगाची इतकी स्वच्छ कुळकथा मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली. आईने डोळे मिचकावले, डॉक्टरीणबाईंकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले, आणि पहिला प्रश्न विचारला:

"बाई, माह्या डोळ्यातलं जुनं भिंग कुठी हाय?"

"का हो आजी?"

"माह्या पोराले देऊन द्या. तो जुनेच भिंगं जमा करते."

खोलीतल्या परिचारिका तोंडावर हात ठेवून हसल्या. डॉक्टरीणबाईंनी समजावले, की ते आतल्या आत ध्वनिलहरींनी फोडून, ओढून काढले. हातात देण्यासारखे काही राहत नाही. आईला हे फारसे पटले नाही. पैसे मोजून काढलेली वस्तू निदान दाखवायला तरी हवी होती, असे तिचे म्हणणे. मी खाली, औषधांच्या दुकानाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो, आणि पुष्कळ वेळ चष्मा पुसत होतो.

घरी आल्यावर आठ दिवस आमची धडगत नव्हती. कोपऱ्यातली जळमटे तिला दिसली, डब्यांवरचा तेलकटपणा दिसला. आपले राखाडी समजून नेसत आलेले लुगडे निळे आहे, हे दिसले. "तुहे केस कधी पांढरे झाले रे?" असे तिने मला चारचौघांत विचारले. उजवा डोळाही त्यानंतर दोन महिन्यांनी झाला.

ते चित्र मी प्रदर्शनाला पाठवले नाही. आईला दाखवले. तिने ते दारात नेऊन नीट पाहिले. उजेडाची जरूर उरली नव्हती, पण जागेची सवय लागली होती. "पदर घेऊ दिला नाही ते नाहीच," म्हणाली. मग म्हणाली, "आता मी काढतो तुहा. दे तो डब्बा."

याशिकाचे डावे-उजवे तिला झेपले नसते. मी क्लिक थ्री दिला. रोलचा शेवटचा, बारावा चौकोन शिल्लक होता. मी अंगणात कडुनिंबाखाली उभा राहिलो. तिने बारक्या खिडकीला नवा डोळा लावला, बराच वेळ काहीतरी जुळवले, मला दोनदा मागे सरकवले, एकदा पुढे बोलावले, 'हासू नको' म्हणून दटावले आणि खटका दाबला. दाबून झाल्याबरोबर कॅमेरा उलटा करून मागची तांबडी खिडकी पाहिली.

"फोटो कुठी आला?"

"आत आहे," मी म्हणालो. "तीन आठवडे लागतात."

ती रोज विचारत राहिली. तीन आठवड्यांनी चित्र निघाले. माझे पाय आहेत, सदरा आहे, सदऱ्याच्या खिशातले पेन आहे. त्याच्यावर मान नाही. मानेच्या जागी चौकट संपते. मागे कडुनिंबाचे खोड मात्र असे आले आहे, की सालीची भेग न् भेग मोजून घ्यावी. आईने ते बघून मान डोलावली आणि म्हणाली, "झाड चांगलं आलं."

कपाटाच्या आतल्या बाजूला, सातही कॅमेऱ्यांच्या वर, मी ते चिकटवून ठेवले आहे.